दवणा लावायचा, तो बियापासून

स्वयंपाक चालू असेल तर हात चालू द्या, कान इकडे ठेवा. वही-पेन जवळ असेल तर आणखी बरं, कारण आज मोजमापं बरीच सांगणार आहोत.

गेल्या दोन-तीन बैठकांत वेगवेगळ्या गटांतून एकच प्रश्न आला. औषधी वनस्पती लावायच्या म्हणतात, त्यात पैसा आहे म्हणतात, मग आम्ही काय लावावं? आमचं उत्तर असं की जे आपल्याला ओळखता येतं, ज्याचं गिऱ्हाईक आपल्याला चेहऱ्यानं माहीत आहे, आणि जे एका गुंठ्यात करून बघता येतं, त्यानं सुरुवात करावी. आमच्या गटानं दवणा घेतला. आमचं गाव जोतिबाच्या डोंगरापासून एसटीनं तासाभरावर. चैत्र पौर्णिमेला वाडी रत्नागिरीला सासनकाठ्या निघतात, गुलाल उधळतात आणि देवाला दवणा वाहतात, हे आपण लहानपणापासून बघत आलो. पण तो दवणा कुठल्या शेतातून येतो हे कुणी विचारलं नव्हतं. आम्ही विचारलं, आणि मग चार जणींनी मिळून तो लावला.

आधी ओळख पक्की करू. दवणा म्हणजे शेवंतीच्या कुळातलं, वर्षभरात संपणारं लहान झाड. उंची गुडघ्याच्या आसपास. पानं बारीक कातरलेली, राखाडी झाक असलेली, वर पांढरी लव. फुलं पिवळी, इतकी लहान की लक्षात यावीत म्हणून वाकावं लागतं. सगळी ओळख वासात आहे. पान बोटांत चुरडलं की गोडसर, जड वास येतो आणि तो हाताला बराच वेळ राहतो.

सह्याद्रीच्या डोंगरात याचाच एक भाऊबंद आपोआप उगवतो. त्याला कुणी रानदवणा म्हणतं, कुणी ढोरदवणा. तो उंच वाढतो, वर्षानुवर्षं टिकतो, त्याचं पान वरून हिरवं आणि खालून पांढरं असतं. तो वेगळा. आणि नागदवणा असं नाव काही ठिकाणी चक्क एका कांद्याच्या झाडाला आहे. लांब रुंद पानांचं, पांढऱ्या फुलांचं ते झाड कुंपणाला लावतात. त्याचा कांदा पोटात गेला तर उलट्या होतात. म्हणून कुणी नुसत्या नावावर काही आणून दिलं तर घेऊ नका, वास घेऊन बघा. रोपं लहान असताना तर गाजरगवतही अगदी दवण्यासारखं दिसतं. खुरपताना ज्या रोपाला वास नाही ते गाजरगवत, ते मुळासकट काढायचं, आणि हाताला पिशवी किंवा मोजे घालून काढायचं, नाहीतर अंगाला खाज सुटते.

आता बियाकडे येऊ. दवण्याचं बी फार बारीक असतं. चिमटीत किती आलं ते कळत नाही आणि जोरात श्वास सोडला तरी उडून जातं. एका हेक्टरला साधारण दीड किलो बी लागतं असा हिशोब आहे. हेक्टरचे धरा शंभर गुंठे. म्हणजे एका गुंठ्याला पंधरा ग्रॅम. कुणी तुम्हाला गुंठ्याला पाव किलो बी घ्या म्हणून सांगत असेल तर तो बी विकायला बसलाय असं समजा.

बी घेताना विचारायचा प्रश्न एकच, ते कुठल्या हंगामाचं आहे. दवण्याचं बी जुनं झालं की उगवत नाही. मागच्या उन्हाळ्यात काढलेलं बी या थंडीत पेरायचं, त्याच्या आधीचं नको. घेतलेल्या बियातली चिमूटभर ओल्या कापडावर पसरून ताटलीत झाकून ठेवा. चार-पाच दिवसांत पांढरे मोड दिसले तर उरलेलं वाफ्यात टाका. मोड नाहीत तर विकणाऱ्याकडे परत जा, तेव्हा वेळ हातात असते.

पेरायचं कधी, हा या पिकातला सगळ्यात अवघड प्रश्न. दवण्याला थंडीचे दिवस मानवतात. सकाळी दव, दिवसा स्वच्छ ऊन, आणि पाऊस नको. म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पेरणी आणि मार्च-एप्रिलमध्ये कापणी. पण ज्यांना देवळाच्या बाजारासाठी ताजा दवणा द्यायचाय त्यांना इंग्रजी महिना बघून चालत नाही. चैत्र पौर्णिमा २०२३ साली ६ एप्रिलला होती, २०२४ साली २३ एप्रिलला आणि २०२५ साली १२ एप्रिलला. सतरा दिवसांचा फरक पडला बघा. सतरा दिवस आधी तयार झालेला दवणा फुलून पिवळा होतो आणि यात्रेच्या दुसऱ्या दिवशी आलेला दवणा गुरंही खात नाहीत. म्हणून आम्ही दिवाळीनंतर कॅलेंडर पुढ्यात घेऊन बसतो. पौर्णिमेवर खूण करायची, तिथून उलटे चार महिने मोजायचे आणि आठ दिवस आणखी मागं यायचं. तो पहिला पेरा. त्यानंतर आठ-आठ दिवसांनी दुसरा आणि तिसरा. एका गुंठ्याचे तीन तुकडे तीन तारखांना. थंडी कमी-जास्त झाली तरी एक तुकडा वेळेवर येतो, आणि जो आधी किंवा मागं पडेल तो वाळवायला जातो.

रोपवाटिकेसाठी दोन मीटर लांब, एक मीटर रुंद असे दोन-तीन गादीवाफे एका गुंठ्याला पुरतात. जागा उन्हाची, पण घराजवळची हवी, कारण दिवसातून दोनदा बघावं लागतं. माती भुसभुशीत करून त्यात चाळलेलं, चांगलं कुजलेलं शेणखत मिसळायचं. कच्चं शेण घातलं की हुमणी आणि तण दोन्ही येतात. बी सुती फडक्यात सैल बांधून पाण्यात भिजवायचं आणि दोन दिवस ओलं ठेवायचं. मग फडकं सोडून बी कोरड्या बारीक वाळूत मिसळायचं. एक वाटी बियाला पाच-सहा वाट्या वाळू घेतली तर ते सारखं पसरतं. वरून चाळणीनं खताचा अगदी पातळ थर. बी खोल गाडलं की ते वर येत नाही. पाणी झारीनं, तेही झारीच्या तोंडाला फडकं बांधून. तांब्यानं ओतलं की सगळं बी वाफ्याच्या एका कोपऱ्यात गोळा होतं.

पहिल्या चार दिवसांत मोठा शत्रू म्हणजे मुंगी. बी इतकं हलकं की मुंग्या ओळीनं उचलून नेतात आणि आपण म्हणतो उगवलंच नाही. वाफ्याच्या कडेनं चुलीची राख टाका, वाफ्यात नको, फक्त कडेनं. आमच्यातल्या एक काकू राखेत हळद मिसळतात. त्याचा किती उपयोग होतो यावर आमच्यात दोन मतं आहेत, पण त्यांचं बी मुंग्यांनी कधी नेलं नाही हेही खरं.

उगवण झाली की पुढचा धोका आपल्या मायेचा असतो. पाणी जास्त होतं. रोपं बुडाशी पाण्यानं गळतात आणि सकाळी झोपलेली दिसतात. वाफा ओलसर असावा, चिखल नसावा. रोपं दाट झाली तर विरळ करा, वाईट वाटून घेऊ नका.

सहा-सात आठवड्यांत रोप अर्ध्या वितीएवढं होतं, तेव्हा ते शेतात न्यायचं. जमीन पाणी धरून ठेवणारी नसावी. तांबूस, पोयट्याची असेल तर उत्तम. भारी काळी असेल तर उंच वाफे करा. दोन ओळींत पंधरा सेंटिमीटर आणि दोन रोपांत त्याच्या निम्मं अंतर ठेवायचं. या हिशोबानं एका गुंठ्यात नऊ हजारांच्या जवळपास रोपं बसतात. हा आकडा नीट ऐका. नऊ हजार वेळा वाकायचं आहे. चौघी असलात तर एकेकीच्या वाट्याला सव्वादोन हजार रोपं येतात, आणि लागण संध्याकाळी ऊन उतरल्यावर करायची असते, म्हणजे ते एका दिवसात होत नाही. त्यामुळे ज्यांच्याकडे एकच बाई शेतात राबणारी आहे त्यांनी गुंठाभर लावू नये. पाव गुंठा लावा, त्यातही सव्वादोन हजार रोपं आहेत.

लागणीनंतर पहिले आठ-दहा दिवस रोज हलकं पाणी. मग जमीन बघून आठवड्यानं. महिन्याच्या आत दोन खुरपण्या झाल्याच पाहिजेत. महिना झाला की शेंडे खुडायचे, नुसतं नखानं वरचं टोक काढायचं. मिरचीचा किंवा शेवंतीचा शेंडा खुडतो तसाच. त्यानं बगलेतून फांद्या फुटतात आणि झाड भरतं. खुडलेले शेंडे फेकू नका, सावलीत वाळवून कपड्यांच्या ट्रंकेत ठेवा.

कीड फार येत नाही. मावा दिसला तर निंबोळी अर्क, पण तोही लवकर. हा दवणा बायका केसांत माळतात, देवाला वाहतात, कुणी औषधासाठी घेतं. कापणीच्या आधी महिनाभर त्यावर कसलीही फवारणी नको. शेजारच्या शेतात फवारणी असेल तर त्यांना आधी सांगून ठेवा, वाऱ्याची दिशा बघायला लावा. हे बोलणं घरच्या पुरुषांवर सोपवलं की ते राहून जातं, आपणच जाऊन बोलावं.

कापणी दोन तऱ्हेची आहे. देवळासाठी असेल तर फुलं पुरती उमलायच्या आधी, हिरवा असताना, पहाटे कापायचा. मूठभर काड्यांची जुडी, केळीच्या सोपटानं बांधलेली. ओल्या गोणपाटात उभी ठेवून त्याच दिवशी पोचवायची. सुकलेली जुडी कुणी उचलत नाही.

वाळवण्यासाठी असेल तर थांबायचं. बरीचशी फुलं उमलली की वास सगळ्यात जास्त भरतो. पेरणीपासून साधारण एकशेदहा ते एकशेपंधरा दिवस धरा. दव सुकल्यावर, कोरड्या दिवशी विळ्यानं जमिनीपासून थोडं वर कापायचं. मुळासकट उपटलं तर माती येते आणि माती आली की भाव पडतो. मग सावलीत वाळवण. आपल्याला मिरच्या, पापड, कुरडया उन्हात वाळवायची सवय, म्हणून हे मुद्दाम सांगतो. दवणा उन्हात टाकला की वास उडून जातो आणि उरतो तो पाला. पडवीत, माळ्यावर, वारा खेळेल अशा ठिकाणी स्वच्छ कापडावर पातळ पसरायचा, रोज उलटायचा. आठवडाभरात काडी मोडली की कट्‌कन आवाज येतो. तोवर पोत्यात भरायचा नाही. मार्चमध्ये अवकाळी पाऊस येतो हे आता आपल्याला नवीन नाही. कापणीच्या आधी चार दिवसांचा हवामानाचा अंदाज ऐका आणि एका वेळी तेवढाच कापा जेवढा छपराखाली मावेल.

पोतं नवं किंवा स्वच्छ धुतलेलं कापडी हवं. खताची रिकामी गोणी अजिबात नको. धुतली तरी नको.

मिळतं किती? चांगल्या पिकात हेक्टरी बारा ते पंधरा टन ओला पाला निघतो असं धरतात. म्हणजे गुंठ्याला सव्वाशे-दीडशे किलो. नव्या हातांनी पहिल्या वर्षी त्याच्या निम्मा धरावा, म्हणजे हिशोब फसत नाही. वाळल्यावर वजन चौथ्या-पाचव्या हिश्श्यावर येतं. दवण्याचं तेल अत्तराला आणि खाण्याच्या सुवासाला वापरतात आणि परदेशात जातं हे खरं आहे. ते ऐकून तेल काढायचं यंत्र घेऊ म्हणणारे गट आहेत. त्यांनी हा आकडा ऐकावा. हेक्टरभर पिकातून तेल निघतं ते दहा किलोच्या आसपास. गुंठ्याला शंभर ग्रॅम. शंभर ग्रॅमसाठी कुणी कर्ज काढून यंत्र घेऊ नये. आजूबाजूच्या दहा गावांत मिळून काही एकर दवणा असेल तेव्हा तो विषय काढू.

भाव आम्ही रेडिओवर सांगत नाही. यात्रेच्या आदल्या दिवशीचा भाव आणि नंतरचा भाव यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. ज्या फुलवाल्या बायका देवळाच्या पायरीवर बसतात त्यांच्याशी माघातच जाऊन बोला. किती जुड्या, कुठल्या दिवशी, पैसे रोख की उधार. आमचं निम्मं गिऱ्हाईक त्याच आहेत, आणि त्यांचा हिशोब चोख असतो.

आता जरा कडू विषय. गेल्या वर्षी एक व्यापारी आमच्याकडे वाळलेला सगळा दवणा घ्यायला तयार झाला. भावही बरा देत होता. अट अशी की पुड्या आमच्या गटानं भरायच्या आणि त्यावर आमच्या गटाच्या नावानं ‘मधुमेहावर रामबाण’ असं छापायचं. गटात दोन दिवस चर्चा झाली. पैशाची गरज कुणाला नव्हती? एकीला मुलीच्या फीचे भरायचे होते, एकीच्या घरी छपराचं काम अडलं होतं. शेवटी आमच्यातलीच एक म्हणाली, माझ्या सासूबाई साखरेच्या गोळ्या खातात, त्यांच्या हातात ही पुडी पडली तर त्या उद्यापासून गोळ्या बंद करतील. पुढे चर्चा झाली नाही. आम्ही नाही म्हणून सांगितलं. तो माल आम्ही थोडाथोडा, कमी भावात विकला. छपराचं काम पावसाळ्याआधी झालं नाही, त्या घरानं पावसाळा प्लॅस्टिकच्या कागदाखाली काढला. हे आम्ही लपवत नाही, कारण नाही म्हणण्याची किंमत कुणी भरली ते तुम्हालाही कळलं पाहिजे.

कायद्याचंही सांगतो. वाळलेली वनस्पती कच्चा माल म्हणून विकणं वेगळं, आणि औषध म्हणून पुडी भरून विकणं वेगळं. औषध तयार करून विकायला १९४० च्या औषध कायद्याखाली परवाना लागतो, आयुर्वेदिक असलं तरी लागतो. आणि मधुमेहासारखे काही आजार बरे करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. पुडीवर नाव गटाचं असेल तर नोटीस गटाला येते.

मग दवणा औषधी नाही का? आहे. आयुर्वेदात त्याला दमनक म्हणतात, भावप्रकाशात त्याचा उल्लेख आहे. पण किती, कुणाला, कशाबरोबर हे वैद्यानं ठरवायचं. पोटुशी बाई असेल तर दवणा आणि त्याच्या कुळातल्या वनस्पती पोटात घ्यायच्या नाहीत. अंगावर पाजणाऱ्या बाईनं आणि लहान मुलांनीही नाही. वास घेणं, माळणं याला हरकत नाही. ज्यांना शेवंती-झेंडूनं शिंका येतात त्यांनी फुलोऱ्यात आलेल्या वाफ्यात तोंडाला पदर बांधून काम करावं.

एक गोष्ट मात्र विशेष सांगायची आहे, कारण मोबाईलवर ती फिरते आहे. दवण्याच्या कुळातल्या एका चिनी वनस्पतीतून मलेरियाचं औषध निघालं. तू योयो नावाच्या चिनी शास्त्रज्ञ बाईंनी ते शोधलं आणि त्यांना २०१५ साली नोबेल मिळालं. आपल्याला अभिमान वाटावा अशीच ती गोष्ट आहे. पण ती वनस्पती वेगळी आहे आणि औषध त्यातून वेगळं काढून, मोजून गोळीत घातलेलं आहे. तिच्याही नुसत्या पाल्याचा काढा मलेरियावर घेऊ नये असं जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे. दवण्याच्या काढ्याची तर गोष्टच सोडा. थंडी वाजून ताप आला तर आशाताईंना बोलवा, रक्त तपासा. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि गोळ्या दोन्ही फुकट आहेत.

हिशोबाची वही कशी ठेवायची ते थोडक्यात. बी, खत, सुतली, एसटीचं भाडं हे सगळ्याच लिहितात. आपली मजुरी मात्र कुणी लिहीत नाही. आमच्या वहीत तिचा वेगळा रकाना आहे. लागण किती तास, खुरपणी किती, रोज पाणी घालायला किती. गावात दुसऱ्याच्या शेतात त्या दिवशी जी मजुरी मिळाली असती तीच इथं लिहायची. नफा त्यानंतर जो उरेल तो. हा रकाना भरला की काही पिकं आपोआप सुटतात आणि घरात बोलतानाही आकडा तोंडावर असतो. सातबारा बहुतेकींच्या नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असतो. आम्ही लागणीआधी साध्या कागदावर लिहून घेतलं की या गुंठ्यातलं या हंगामाचं उत्पन्न हिच्या बचत खात्यात जमा होईल. चार घरांपैकी तीन घरांत लगेच सह्या झाल्या. चौथ्या घरात सासऱ्यांनी कागद महिनाभर देव्हाऱ्यात ठेवला, मग सही केली.

शेवटी बियाचं. प्रत्येक तुकड्यातली चांगली, वासाची, भरलेली वीस-पंचवीस झाडं कापायची नाहीत. त्यांना लाल सुतळी बांधा, म्हणजे घाईत कुणी विळा मारणार नाही. फुलं तपकिरी होऊन वाळू द्या. मग अलगद कापून, चादरीवर उलटी धरून झटका, वारा नसलेल्या खोलीत. मलमलच्या कापडातून चाळा. कागदाच्या पुडीत भरा, पुडीवर वर्ष आणि महिना लिहा, आणि डब्यात कोरड्या जागी ठेवा.

या हंगामाचं बी आमच्याकडे आहे. गटामागे पंधरा ग्रॅम देऊ. पैसे नकोत, पुढच्या उन्हाळ्यात तेवढंच ताजं बी परत करायचं आणि ते पुढच्या गटाला जाईल. दिवाळीनंतरच्या पहिल्या गटबैठकीला येताना कोरडी, झाकणाची डबी आणा. प्लॅस्टिकची पिशवी आणू नका, तिला बी चिकटतं.